सात रस्त्याजवळचा कादंबरी वर्ग केला, जरूर करा

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी कादंबरी वाचनाचा वर्ग भरतो, विषय बायकांचं आयुष्य, आपल्याकडचं आणि बाहेरच्या देशांतलं. आठ रविवार, फी आठशे, चहा त्यातच. मी बी.ए.ला मराठी घेतलेलं, त्यामुळे वाटलं होतं परत तेच, लेखक परिचय, कथानक, स्त्रीपात्रं, नोट्स उतरवून घ्या. तसं काहीच नाही.

मॅडम आधी नुसतं वाचून दाखवतात, सावकाश, आणि मग थांबतात. तिसऱ्या रविवारी दोन उतारे शेजारी शेजारी ठेवले. एक हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधला, 1890 पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेली कादंबरी ती, नवरा गेल्यावर यमूचं जबरदस्तीनं केशवपन करतात तो भाग. दुसरा सेनेगलच्या मारियामा बा यांच्या 1979 च्या फ्रेंच कादंबरीतला, रामातुलाय नावाची बाई नवरा गेल्यावर इद्दतीत, म्हणजे मुस्लिम विधवेनं घरात राहून पाळायच्या ठरावीक काळात, बसलीये आणि मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहितीये. तिथं नणंदा विधवेचे केस सोडतात. कापत नाहीत, सोडतात. मॅडमनी एवढंच विचारलं, दोन्हीकडं हात केसांनाच का जातो?

वर्गात सत्तरीच्या एक आजी आहेत, त्यांचा हात आपसूक अंबाड्यावर गेला आणि म्हणाल्या, माझ्या आजीकडं न्हावी मागच्या दारानं यायचा, आम्हा पोरांना तेवढा वेळ अंगणात पिटाळायचे. मग एका भाभींनी इद्दतीचं सांगितलं, चार महिने दहा दिवस, पण त्यांच्या अम्मीला म्हणे ते दिवस आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेली विश्रांती वाटली होती, कारण कुणी कामाला लावत नव्हतं. मला हे पुस्तकात कधीच सापडलं नसतं. मॅडमनी कुणाची परंपरा चांगली, कुणाची वाईट असा निवाडा केला नाही, पुन्हा उताऱ्याकडं नेलं, बघा म्हणाल्या, ही बाई स्वतः काय म्हणतीये.

रामातुलायच्या नवऱ्यानं मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरं लग्न केलेलं असतं. ही नवऱ्याला सोडत नाही, आणि जिला पत्र लिहितीये ती आयसातू मात्र तिच्या नवऱ्यानं दुसरी केल्यावर मुलांना घेऊन बाहेर पडलेली. आमच्यातल्या एका पोरीची आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात, ती पोरगी ताडकन म्हणाली, माझी आई राहिली, मावशी गेली, दोघी बरोबरच होत्या. त्यावर तासभर चर्चा चालली, चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

आता खटकलेलं. इंग्रजी भाषांतराच्या झेरॉक्स इतक्या पुसट की आजींना अक्षर दिसेना, मराठीत चार-पाच पानांचा सारांश आधीच दिला तर बरं होईल. एप्रिलमध्ये सोलापूरच्या उन्हात दोनच पंखे, कृपया वेळ सातची करा.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, विभावरी शिरूरकरांच्या 'बळी'ला जेमतेम अर्धा तास दिला. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर, त्या इथल्याच सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायच्या वस्तीत, नोकरीला होत्या, तारेच्या कुंपणातली माणसं त्यांनी डोळ्यांनी बघितली आणि 1950 मध्ये ही कादंबरी आली. आपल्या गावातली गोष्ट आहे ओ ती, तिला दोन रविवार तरी हवेत. मॅडमना मी तसं लिहून दिलंय. पुढच्या बॅचला सासूबाईंचंही नाव घातलंय, त्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' आत्तापासूनच वाचायला घेतलीये.