लेगो फ्रेंड्स: सेट भारी आहेत, पण "मुलींचा लेगो" म्हणून घेऊ नका

कोणाचा वाढदिवस आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर हमखास विचारणा होते, मुलीला द्यायला लेगोमधलं ते गुलाबी-जांभळंवालं, म्हणजे फ्रेंड्स, कसं आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. सेट चांगले आहेत. महाग आहेत हे खरंच, पण पीस एकमेकांत जसे घट्ट बसतात आणि वर्षानुवर्षं टिकतात ते नेहमीच्या लेगोसारखंच, आणि हे ठोकळे घरातल्या बाकीच्या लेगोला आरामात जोडता येतात. हे विकतात ज्या पद्धतीने, त्याबद्दल मात्र मला बरंच बोलायचंय.

फ्रेंड्स आलं 2012 मध्ये. त्याआधीही कंपनीने मुलींसाठी म्हणून वेगळं काही ना काही काढून पाहिलं होतं, स्काला झालं, बेलविल झालं, पण खरा धंदा जमला तो फ्रेंड्सनेच. हार्टलेक सिटी नावाचं गाव, त्यात ऑलिव्हिया, मिया, अँड्रिया, स्टेफनी आणि एमा या पाच मैत्रिणी, जांभळी खोकी, आणि सुरुवातीच्या सेटमध्ये ब्युटी शॉप, कॅफे, फॅशन स्टुडिओ. ऑलिव्हियाचं वर्कशॉपही होतं बरं का, रोबो आणि अवजारं असलेलं, आणि जनावरांचा दवाखाना पण होता, पण एकूण हवा पार्लरचीच. तेव्हा अमेरिकेत पन्नास हजारांच्या वर लोकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या, आणि 1981 ची लेगोची एक जाहिरात पुन्हा फिरायला लागली, त्यात लाल वेण्या घातलेली, जीन्समधली एक चिमुरडी स्वतः बनवलेलं काहीतरी हातात धरून हसतेय, ना गुलाबी रंग ना काही. म्हणजे हे त्यांना आधी जमत होतं! मला राग येतो तो याचाच, की जे खेळणं मुळात सगळ्यांचं होतं त्याच्यात मुद्दाम भिंत घातली.

आता बाहुल्यांचं बघा. नेहमीच्या लेगोमधला तो ठेंगणा माणूस, मिनिफिगर, त्याचे दोन्ही पाय वेगवेगळे हलतात, मनगट फिरतं, बसवला की पायाच्या मागच्या भोकांमुळे ठोकळ्यावर पक्का बसतो. फ्रेंड्समधली मिनिडॉल उंच आणि सडपातळ, दिसायला गोड, पण तिचे पाय दोन्ही एकदमच हलतात, मनगट फिरत नाही, आणि बसवली तर मांडीखाली पकड नसल्यामुळे गाडी जरा तिरकी झाली की घसरते. उभी मात्र नीट राहते. माझी लेक दोन्ही घेऊन खेळते त्यामुळे हा फरक रोज दिसतो, स्कूटरवर बसून जायचं काम शेवटी मिनिफिगरकडेच येतं. मुलींसाठी म्हणून वेगळी बाहुली काढली आणि तिलाच कमी हलता येतं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आणि दुकानं! एका मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेले तर पहिला प्रश्न "मुलगा की मुलगी, मॅडम?", वय नंतर. फ्रेंड्स एकीकडे, मेकअप किट आणि बाहुल्यांच्या शेजारी, आणि लेगोचेच सिटी, टेक्निक वगैरे दुसरे प्रकार पार दुसऱ्या टोकाला. माझ्या भाच्याला कुत्री-मांजरी-घोडे यांचं प्रचंड वेड आहे, आणि लेगोमध्ये प्राण्यांचे दवाखाने, तबेले सगळ्यात छान फ्रेंड्समध्येच मिळतात, पण तो बिचारा त्या रांगेकडे जायलाच तयार नाही. 2021 मध्ये लेगोनेच जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट या सिनेमा-टीव्हीत बायका-मुली कशा दाखवतात याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेबरोबर सात देशांत सर्व्हे केला होता (आपला देश त्यात नव्हता), त्यात 71 टक्के मुलग्यांना भीती वाटत होती की मुलींची समजली जाणारी खेळणी घेतली तर लोक हसतील. भाच्याकडे बघून मला तो आकडा लगेच खरा वाटतो. भिंतीचा त्रास मुलग्यांनाही तेवढाच होतो, हे आपल्याकडे कोणी बोलतच नाही.

त्या सर्व्हेनंतर कंपनीने जाहीर केलं की आपल्या खेळण्यांतून हे मुलींचं-ते मुलग्यांचं असले साचे काढून टाकू, आणि 2023 मध्ये फ्रेंड्स खरंच बदललं. आता आठ मुख्य पात्रं आहेत, त्यात लिओ, ऑली आणि झॅक हे मुलगे, ऑटमचा एक हात जन्मतः अर्धवट आहे, नोव्हाच्या कुत्र्याला चाकांची गाडी आहे. लेकीने ऑटमबद्दल दोन-चार प्रश्न विचारले आणि मग सरळ तिला घोड्यावर बसवायला घेतलं. यासाठी मनापासून शाबासकी. बाहुलीचे पाय मात्र अजून तसेच.

एक गोष्ट आवर्जून सांगते, 2014 मध्ये रिसर्च इन्स्टिट्यूट नावाचा सेट आला होता, एलन कूयमन या शास्त्रज्ञ बाईंनी सुचवलेला, त्यात तीन बायका, जीवाश्मवाली, खगोलवाली आणि रसायनवाली, त्याही साध्या मिनिफिगर. बघता बघता संपला. म्हणजे मागणी होतीच की!

तर घ्यायचं असेल तर 2023 नंतरचे सेट बघा, प्राण्यांचे आणि घरांचे सगळ्यात मस्त, पार्लर-बिर्लर सोडून द्या. मुलग्याला द्यायचं असेल तरी बिनधास्त द्या, दुकानात नेण्यापेक्षा ऑनलाइन मागवा म्हणजे त्या रांगेचा प्रश्नच येत नाही. आणि बरोबर सिटीचा एखादा छोटा सेट घ्याच, दोन्हीचे ठोकळे एकाच डब्यात टाका आणि जांभळं खोकं रद्दीत द्या.