पार्श्वसंगीताच्या नावाखाली माझा चेलोच उचलून नेला

सेशनची, म्हणजे स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी वाजवण्याची, कामे घेणाऱ्या तंतुवाद्यवादकांनी सावध व्हावे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे. एका परदेशी माहितीपटाच्या पार्श्वसंगीतासाठी एकट्या चेलोचे (व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जातले वाद्य) वादन हवे आहे, असे सांगून एका कोऑर्डिनेटरने माझ्याशी १,२०,००० रुपये ठरवले. त्यांपैकी १२,००० आगाऊ आले. स्टुडिओचे २४,००० रुपये भाडे मी भरायचे आणि शेवटच्या बिलात लावायचे होते. फाइली पोहोचल्यावर परदेशातून रक्कम सुटण्यासाठी ‘बँक क्लिअरन्स’चे १८,५०० मागितले गेले, तेही मी भरले, आणि मग तो क्रमांक कायमचा बंद झाला. पैसे देण्यासाठी आधी पैसे मागणारा भामटाच असतो, हे मलाही ठाऊक होते. पण अडकलेले १,०८,००० डोळ्यांसमोर असताना माणूस १८,५०० चा हिशेब निराळाच करतो.

खरी चोरी मात्र त्याआधीच झाली होती. वाजवायला आलेल्या कागदांवर चाल नव्हतीच. सर्वांत खालच्या मोकळ्या ‘सी’ तारेपासून चढत जाणारा प्रत्येक अर्धस्वर, तो हळू, मध्यम आणि जोरात, कंपासह आणि कंपाविना, गजाने आणि बोटाने छेडून; शिवाय प्रत्येक सुरानंतर नाद पूर्ण विरेपर्यंत हलू नये, अशी सक्त सूचना. कोणत्या माहितीपटाला असे संगीत लागते? रेकॉर्डिस्टने विचारलेही, “सर, यात ट्यून कुठे आहे?” संगीतकार नंतर जोडून घेईल, असे मीच त्याला ऐटीत सांगितले. तिथेच पेटी बंद करून निघायला हवे होते.

पण तसे का केले नाही, हेही समजून घ्या. बाखच्या चेलो-सुइट्ससारख्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनांवर हात घडवलेल्या वादकाचे मुंबईत केवळ मैफलींवर घर चालत नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये उभा राहिला, तरी त्याचे हंगाम मोजकेच. आणि एकेकाळी गोव्याच्या वादकांनी गाजवलेले चित्रपटांचे ताफे की-बोर्डने केव्हाच ओस पाडले. दृश्य न पाहता, कानात क्लिक (लयीचे ठोके) घेऊन, तुकड्यातुकड्यांनी वाजवणे हेच आमचे काम झाले आहे, आणि फार प्रश्न विचारणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही.

पुढे एका तरुण संगीतकाराने विकत घेतलेली सँपल लायब्ररी, म्हणजे की-बोर्डवरून वाजवता यावेत म्हणून विकला जाणारा वाद्याच्या सुट्या सुरांचा संच, मला ऐकवली. खालच्या एका सुरात माझ्या खुर्चीची करकर जशीच्या तशी होती.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फक्त १८,५०० ची नोंद झाली. पोलीस ठाण्यात “तुम्ही राजीखुशीने वाजवलेत, ही दिवाणी बाब आहे” असे ऐकवले गेले, मग स्टुडिओ दुसऱ्या हद्दीत असल्याची सबब आली, आणि एका अधिकाऱ्याने तर चोरीला गेलेल्या मालाची पावती मागितली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ नुसार वादकाचा हक्क ५० वर्षे टिकतो, जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली तुरुंगवास आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ नुसार हद्दीचे कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. हे छापून नेलेले कागद कोणी हातातही घेतले नाहीत. वादकांच्या संघटनेने, काम आपल्यामार्फत आले नव्हते, एवढेच कळवून हात झटकले.

आता वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. वापर कोणत्या कामापुरता, हे लिहून घेतल्याशिवाय सुटे सूर देऊ नका, भाडे स्वतः भरू नका. ज्यांनी असे कागद आधीच वाजवून दिले आहेत, त्यांनी स्टुडिओतल्या तारखेसह मूळ फाइली आजच मागून घ्याव्यात. माझा स्टुडिओ त्या पुसण्याच्या बेतातच होता.