पंधरा दिवस दवाखाना कोणाच्या हाती द्यावा?

तालुक्याच्या गावी तुमचा आठ-दहा खाटांचा दवाखाना असेल आणि सुट्टीवर जायचं असेल, तर बदली डॉक्टर म्हणून बहुधा तिघांपैकीच कोणी मिळतं: पीजीची तयारी करणारा नवा एमबीबीएस, निवृत्त वैद्यकीय अधिकारी, नाहीतर गावातलाच दुसरा डॉक्टर. यात कोण बरा, हे महिन्यावर ठरतं.

ऑगस्ट ते ऑक्टोबर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशकांची फवारणी चालते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. या दिवसांत निवृत्त अधिकारीच बघा. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा आली की त्यावरच्या औषधाचे, अॅट्रोपिनचे, 0.6 मिलिग्रॅमचे 3 ते 5 अँप्युल द्यायचे, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर तशीच असेल तर डोस दुप्पट करायचा. हे त्याच्या हातात बसलेलं असतं. पोलिसांना कळवणं, एमएलसीचे (पोलीस-कोर्टाशी संबंधित केसचे) कागद हेही सांगावं लागत नाही. नव्या मुलाला डोस पाठ असतो, पण नाडी धावायला लागली की तो हात आखडतो. थांबायचं कुठे, हे नाडीवर नव्हे, छाती मोकळी होण्यावर ठरतं.

सर्पदंशात घोळ होतो तो नळीवरून. विष चढलंय का हे कळायला रक्त 20 मिनिटांत गोठतं का बघतात, त्याला काचेचीच नळी हवी, तीही कोरडी आणि स्वच्छ. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली घेतली तर चांगलं रक्तही पातळ राहतं आणि प्रतिविषाच्या 10 व्हायल विनाकारण जातात. निघण्याआधी नळ्या, व्हायल आणि अॅट्रोपिन स्वतः मोजा.

हिवाळ्यात मात्र नवा मुलगा पुरतो, रात्री उठायलाही कुरकुरत नाही. खोली आणि डबा आधी लावून द्या. निवृत्त डॉक्टरांशी रात्रीचं काय, हे मोकळेपणाने बोलून घ्या.

शेजारचा डॉक्टर स्वस्तात पडतो, पण त्याची ओपीडीही त्याच वेळी. तीन-चार दिवसांपुरतं ठीक, भरती रुग्ण त्याच्या भरवशावर ठेवू नका.

कोणीही असो, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते बघा. दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं. चिठ्ठीवर नाव, नोंदणी क्रमांक आणि सही त्याचीच हवी. आपल्या सहीचे कोरे कागद ठेवून जाणारे महाभाग अजून आहेत! विमा कंपनीला लेखी कळवा. सोनोग्राफी मशीन असेल आणि बदली डॉक्टरचं नाव पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानबंदी कायद्याच्या) नोंदणीत नसेल, तर खोलीला कुलूप लावा. नाव घालायचं तर 30 दिवस आधी कळवावं लागतं.