कुत्र्याच्या खाद्यापायी 28,550 रुपये गेले. खाद्याची पिशवी कुणाच्या हातात देऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड भागात पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्यांनी हे वाचाच. माझे 28,550 रुपये गेलेत. त्यातले 19,500 'सहा महिन्यांच्या पपी फूड पॅकेज'चे, 960 कॅल्शियमच्या दोन बाटल्यांचे, 1,250 हाडं मजबूत करणाऱ्या पावडरच्या डब्याचे आणि राहिलेले 6,840 तेच खाऊन आजारी पडलेल्या पिल्लाच्या सलाईनचे आणि तपासण्यांचे. पैशाचं दुःख आहेच. पण दोन महिन्यांचं पिल्लू फरशीवर मान टाकून पडतं आणि त्याला काय होतंय ते सांगताही येत नाही, हे बघितल्यापासून माझा संताप कमी होत नाही.

ही साखळी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. पिल्लू विकणारा एक, खाद्य विकणारा दुसरा, आणि आतून दोघांचं साटंलोटं. आम्ही राजाला, म्हणजे आमचा लॅब्राडोर, घेतला तेव्हाच पिल्लू देणाऱ्यानं एक नंबर हातात ठेवला. "अण्णा, खाणं ह्याच्याकडनंच घ्या. दुसरं काय घातलासा तर पोट बिघडतंय, मग मला म्हणू नका." लगेच माणूस दारात हजर. शर्टावर कंपनीचं चिन्ह, पिल्लाचं वजन करायला काटा, मोबाईलमध्ये डाएट चार्ट. बायकोला वहिनी, आईला मावशी. राजाला मांडीवर घेऊन त्यानं दात बघितले, पाय दाबून बघितले आणि म्हणाला, "हाडं नाजूक हाईत वो ह्याची. आत्ताच लक्ष दिलं नाही तर पाय वाकणार."

घरात पहिलंच कुत्रं. गावाकडं कुत्री होती, भाकरी-आमटीवर वाढली, त्यांच्या पायाकडं कुणी बघितलं नाही. पण लॅब्राडोर म्हटल्यावर जो तो येऊन भीती घालतो. हे घालू नका, ते घातलंच पाहिजे. आई म्हणत होती, दूध-भाकरी घाला. शेजारी म्हणत होते, चिकन-भात. अशा वेळी कुणीतरी काटा आणि चार्ट घेऊन ठामपणे बोलला की बरं वाटतं. ह्याच भीतीवर ह्या लोकांचं पोट चालतं.

20 किलोच्या तीन पिशव्या, छापील किंमत प्रत्येकी 8,900, म्हणजे 26,700 चा माल 19,500 ला. एक पिशवी आत्ता, दोन नंतर 'गोडाऊनमधनं'. "स्कीम आज संपालीय अण्णा, उद्या हा रेट मला बी मिळत नाही." पैसे यूपीआयनं घेतले. स्क्रीनवर दुकानाचं नाव नव्हतं, एका बाईचं नाव होतं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं आहे, धंदा तिच्या नावावर आहे. आता सांगा, आपल्याकडं अर्धे छोटे धंदे बायकोच्या नावावर चालत नाहीत का? पावती म्हणून वहीतलं पान फाडून दिलं. जीएसटी नंबर नाही, बॅच नाही, नुसता आकडा आणि सही. असलं कच्चं बिल घेऊच नका. पक्कं बिल मागितल्यावर जो 18 टक्के जास्त पडतील म्हणतो, त्याला दारातनंच परत पाठवा.

आता खरी गोष्ट. पिशवी त्यानं मला फोडू दिली नाही. "थांबा अण्णा, मी फोडून देतो," म्हणत स्वतःच कात्री लावली. सोबत 20 किलोचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम आणला होता, झाकणाला रबर लावलेला. "पावसाळ्यात पिशवीत ठेवलं तर बुरशी धरतंय, हा एअरटाइट ड्रम कंपनीकडनं फ्री." सगळा माल त्यात ओतला, झाकण दाबून लावलं आणि रिकामी पिशवी घडी घालून बगलेत मारली. "ही कंपनीला परत द्यावी लागते, ड्रमचा हिशोब लागतोय."

ती पिशवी त्याच्या बगलेतनं माझ्या दारातनं बाहेर गेली, तो क्षण मला झोपू देत नाही. कंपनीचं नाव, बॅच नंबर, तारीख, आयातदाराचा पत्ता, सगळा पुरावा त्याच्यासोबत जिना उतरला. लोक विचारतात, पिशवी दिलीस कशी? बेळगावचा पाऊस कसा असतो ते ठाऊक असणाऱ्यानं हे विचारू नये. आमच्याकडं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. बंद ड्रम कुणाला नको असेल? मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करतो, चलन नसलेला माल गेटच्या आत घेत नाही. मला कागद कळत नाहीत असं कुणी म्हणू नये. पण घरात पोरगी पिल्लाला घेऊन नाचतेय, आई चहा टाकतेय, आणि समोरचा माणूस तिला मावशी म्हणतोय, तिथं कोण चलन मागतं?

ड्रमचं झाकण उघडलं तेव्हा खवट वास आला होता, जुन्या शेंगदाण्याच्या तेलासारखा. म्हणाला, फिश ऑइल आहे, इम्पोर्टेड मालाला असाच वास येतो. दाणेही दोन तऱ्हेचे दिसले, काही बारीक तपकिरी, काही मोठे काळपट. म्हणाला, पपी मिक्स. फिश ऑइलचा वास असतो हे खरं, म्हणून ते पटलं. पण ताज्या खाद्याला खवट वास येत नाही. एका पिशवीतले दाणे आकारानं आणि रंगानं असे दोन जातीचे दिसले की दोन पिशव्यांचा माल एकत्र केला असणार, असंच धरा.

राजाला आधी जुलाब, मग उलट्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जुलाब-उलट्या लावणाऱ्या विषाणूची, टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. सलाईन लावलं. मग त्यांनी विचारलं, काय घालता? मी ड्रमातलं मूठभर खाद्य डबीतनं नेलं होतं. त्यांनी वास घेऊन डबी बाजूला सरकवली. कॅल्शियमच्या बाटल्यांचा फोटो बघितल्यावर तर ते चिडलेच. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शोषणं आवरता येत नाही, आणि चांगल्या पपी फूडमध्ये लागेल तेवढं आधीच घातलेलं असतं. वरून बाटली पाजली तर हाडं मजबूत होत नाहीत, उलट सांधे बिघडतात. पाय वाकतील म्हणून विकलेलं औषधच पाय बिघडवणारं निघालं. घरचं जेवण घालत असाल तर कॅल्शियमचा प्रश्न वेगळा आहे, नुसत्या चिकन-भातात ते कमीच पडतं, पण ते किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, दारात आलेला माणूस नव्हे.

मग पोरीनं स्टेटसला टाकलेला फोटो सापडला. राजा पिशवीला टेकून बसलाय. फोटो मोठा करून बघितला. पिशवीच्या तोंडाला दोन शिलाया. कारखान्यातली मशीनची शिलाई एका बाजूनं दोरा ओढला की सरसर उसवते. ह्या पिशवीवर तिच्या खाली दुसरी, वाकडीतिकडी, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची. आणि 'पपी' लिहिलेला पांढरा स्टिकर. परदेशी मालावर आयातदाराचा स्टिकर असतोच, म्हणून स्टिकर बघून कुणालाही शंका येत नाही. पण हा बरोबर तारखेच्या आणि जातीच्या जागेवर चिकटवला होता, आणि त्याच्या कडेनं खालच्या छपाईतलं 'ॲडल्ट' अर्धं दिसत होतं. मोठ्या कुत्र्याचं, तारीख झाकलेलं खाद्य माझ्या पिल्लाला सहा महिने घालायचं होतं.

त्याचा फोन बंद. उरलेल्या दोन पिशव्या आल्या नाहीत. पिल्लू देणारा म्हणतो, मी नुसता नंबर दिला.

पोलीस ठाण्यात गेलो. कुत्र्याच्या खाण्याची तक्रार म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचे हसले. मग म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे. खोटं सांगून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक आहे, सिव्हिल कुठून झालं? मग नंबर गडहिंग्लजकडचा निघाला म्हणून म्हणाले, तिकडं जावा, आमची हद्द नाही. तिकडं गेलो तर तिथले म्हणतात, पैसे कर्नाटकात दिलाय, तिथंच द्या तक्रार. अरे, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. हे मी छापून नेलं. कागद कुणी हातातसुद्धा घेतला नाही. सीमाभागात राहणाऱ्यानं दोन्ही बाजूंचे उंबरे झिजवायचे आणि दोन्हीकडनं परत फिरायचं, हेच चालत आलंय. त्यात अर्ज कन्नडमध्ये हवा. मला कन्नड बोलता येतं, रोज बोलतो, पण सरकारी अर्ज लिहिण्याइतकं येत नाही. तो लिहून देणाऱ्यानं 300 रुपये घेतले, ते वरच्या हिशोबात धरलेलेच नाहीत.

अन्नसुरक्षावाल्यांनी हात झटकले, कारण 2006 च्या कायद्यात अन्न म्हणजे माणसाचं अन्न, जनावरांचं खाद्य त्यात येतच नाही. हे निदान कायद्याला धरून आहे. पण मग कुणाकडं जायचं, हे सांगायला त्यांना काय पडतं? वजनमापवाल्यांचं मात्र हे काम आहे. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे पिशवीवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पिशवी कुठाय?

पिशवी कुठाय! ड्रम फुकट कशासाठी होता ते तेव्हा कळलं.

आता मी राजासाठी दुकानातनं 3 किलोची बंद पिशवी घेतो, पक्क्या बिलानं. 20 किलोची पिशवी पहिल्यांदा कधीच घेऊ नका, मग कितीही स्वस्त पडो. पिशवीवर 'ग्रोथ' किंवा 'पपी' छापलेलं हवं, चिकटवलेलं नको, आणि लॅब्राडोर, रॉटवायलर असेल तर 'लार्ज ब्रीड' बघा. अमेरिकेतल्या, जनावरांच्या खाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे पिल्लाच्या खाद्यात ओलावा वगळून किमान 22.5 टक्के प्रथिनं लागतात, मोठ्या कुत्र्याला 18 चालतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम 1.8 टक्क्यांच्या वर नको. खाद्य बदलताना जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत सात ते दहा दिवस घ्या. डबा वापरायचाच तर पिशवी तशीच डब्यात उभी ठेवा, तोंड दुमडून. बाजारात उघड्या पोत्यातनं किलोवर मिळतं ते घेऊ नका. रश्श्यातला कांदा-लसूण, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको. हे मला कुठल्याच चार्टमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

फसलाच असाल तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, उशीर केलात की पैसे पुढच्या खात्यात जातात. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, विकणारा दुसऱ्या राज्यातला असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर फोटो, यूपीआयची नोंद, वहीतलं पान आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून तक्रार घातलीय.

तोच माणूस आता दुसऱ्या नंबरवरनं हिंडलगा, उचगाव भागात फिरतोय, तसाच ड्रम घेऊन. तुमच्याकडं तो येऊन गेला असेल आणि पिशवी अजून घरात असेल, तर ती टाकू नका. शिलाईचा, स्टिकरचा, बॅच नंबरचा जवळून फोटो काढा आणि आपापल्या नावानं तक्रार घाला. माझ्या तक्रारीत तेवढाच पुरावा कमी पडतोय.