बेळगावातल्या शहापूरचं झेरॉक्सचं दुकान: काम चोख, दर जरा चढा

सुनेचं नाव खानापूरच्या मतदार यादीतून बेळगावला आणायचं होतं, म्हणून आठ नंबरचा फॉर्म भरायला गेलो. पन्नास रुपये घेतले, जरा जास्तच. पण दुकानातली पोरगी पक्की. आधार आणि जुनं कार्ड शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवलं. ‘काका, आडनावात ळ की ल?’ असं विचारून कन्नडमधलं नाव मोठ्यानं वाचलं, मगच बटण दाबलं.

रांगेत कुणाच्या तरी टेक्सासातल्या भाच्यावरून अमेरिकेचा विषय निघाला. तिथं २००० साली मतदानाला पात्र लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक, दीड कोटीच्या आत होते, २०२४ ला साडेतीन कोटींवर. त्यांची वस्ती दाट असलेल्या भागात १९७५ पासून कायद्यानं स्पॅनिश मतपत्रिकाही द्यावी लागते. पण ही गठ्ठा मतं नव्हेत. टेक्सासात मेक्सिकोच्या सीमेवरची, जवळपास सगळी लॅटिनो वस्तीची स्टार काउंटी (तिकडचा जिल्हा) शंभरावर वर्षं डेमोक्रॅटिक पक्षाची, २०२४ ला ट्रम्पकडं गेली. आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांनीही बघावं, मराठी मतंही गठ्ठा नव्हेत. २०१८ आणि २०२३ ला कर्नाटक विधानसभेत त्यांचा भोपळाच.

असो. दुकानात पंखा नाही, स्टूल एकच. अर्जाचा नंबर मात्र लगेच मोबाईलवर येतो. शनिवारी बाजाराची गर्दी असते, तेव्हा टाळा.