गंजलेला कॅमशाफ्ट फेकला नाही, साफ करून परत बसवला: सीडी १०० चा मारबतीपासून मेपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो. गंज वरवरचा असेल तर कॅमशाफ्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) फेकू नका. त्याच्या लोबच्या, म्हणजे उंचवट्याच्या, टोकावर नख अडकत असेल तर मात्र साफसफाईत वेळ घालवू नका, सरळ नवा घ्या. मामाच्या हीरो होंडा सीडी १०० मधला कॅम पहिल्या प्रकारचा निघाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत (इडापिडा घेऊन जाणारा पुतळा) निघते, त्या आठवड्यात इंजिन बांधलं, आता मे संपत आलाय. गाडी मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन आहे.

ही गाडी १९८५ मध्ये आली तेव्हा जाहिरात होती, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. आमच्याकडे त्यातलं शेवटचंच तेवढं मनावर घेतलं गेलं. मामा कार घेऊन मोकळे झाले आणि गाडी पोर्चमध्ये कूलरच्या खिडकीखाली उभी राहिली. नागपुरात उन्हाळाभर कूलर दिवसरात्र चालतो, पॅडमधून पाणी गळतं, खालची जागा कायम ओली. तो संपतो न संपतो तोच पावसाळा. म्हणजे कोरड्या विदर्भात राहूनही या गाडीला वर्षाचे सात-आठ महिने दमटपणाच.

याचं ९७.२ सीसीचं इंजिन जवळपास आडवं, आणि कॅम हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात. गाडी उभी राहिली की लोबवरचं तेल निथळून खाली केसमध्ये जातं, वर नुसतं लोखंड उरतं. जुन्या काळ्या तेलात पाण्याचा अंश असतोच, शिवाय ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवेच्या नळीतून) दमट हवा. रात्री इंजिन गार झालं की तीच वाफ लोबवर बसते. बोअरचा (पिस्टन फिरतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा) हिशोब वेगळा: ज्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तिकडून, सायलेन्सर नाहीतर कार्बोरेटरच्या वाटेने, ओल आत जाते. म्हणून बोअर बघितल्याशिवाय कॅमवर एक रुपया खर्च करू नका. (यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी इथेच थांबावं, टू-स्ट्रोकला कॅमच नसतो.)

अशा गाडीला लगेच किक मारायची नाही. प्लग काढून आत थोडं इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं, मग मॅग्नेटच्या नटवर पाना लावून हळूच फिरवलं. फिरलं. फ्लायव्हीलची ‘टी’ खूण आणि कॅम स्प्रॉकेटची ‘ओ’ खूण जुळवली, दोन्ही रॉकर (लोबवर टेकून व्हॉल्व्ह दाबणारे तुकडे) ढिले आहेत याची खात्री केली, फोटो काढला. स्प्रॉकेट काढायच्या आधी टायमिंग चेनला (कॅम फिरवणाऱ्या साखळीला) तार बांधा. चेन आत पडली तर अर्धा दिवस गेला. बोअर बघायचाच होता म्हणून हेडही उतरवलं. बोअरवर दोन फिकट डाग होते, नखाला लागत नव्हते.

कॅम हातात आला तेव्हा माझा चेहरा पडला. पूर्ण शाफ्टवर विटकरी थर होता. फक्त एक्झॉस्टच्या लोबवर, रॉकर जिथे टेकून बसला होता तिथे, बोटभरही नाही अशी एक चकचकीत पट्टी, आणि तिच्या दोन्ही कडांना काळी रेघ. मी नवा घ्यायच्या तयारीत होतो. ओळखीचे मिस्त्री म्हणाले, “काहून फेकता भाऊ? आधी धुऊन तर पाहा ना.” आणि वर, “गंज घेऊन जाय गे मारबत!”

रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी नायलॉनच्या ब्रशने निम्मा गंज तसाच निघाला. उरलेल्याला हिरवी घासणी, तीही तेलात भिजवून, हलक्या हाताने. अगदी शेवटी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, फक्त डागापुरता. लोबचा पृष्ठभाग कडक असतो आणि त्याचा आकार फार बारीक मापात घासलेला असतो. आपण जोर लावून चमक आणायला गेलो तर आकारच बिघडतो, मग व्हॉल्व्ह हवा तेवढा आणि हवा तेव्हा उघडत नाही. म्हणून ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश नको, सँडब्लास्टिंग तर नकोच. बाथरूमचं ॲसिड गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. व्हिनेगर चालतं म्हणतात, चालतंही; पण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच तेल लावलं नाही तर डोळ्यांदेखत पुन्हा लाली चढते. रॉकेलने भागत असेल तर त्या भानगडीत कशाला पडायचं?

धुतल्यावर खरी तपासणी. लोबच्या मागच्या गोल भागावर काळे डाग राहिले, ते राहू दिले, कारण तिथे दाब नसतो. टोकावर आणि चढावर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून मायक्रोमीटरने लोबची उंची मोजून घेतली, ती मॅन्युअलच्या मर्यादेत बसली. शाफ्टच्या टोकांची बेअरिंग मात्र हातात फिरवताना खरखरत होती. ती सरळ बदलली, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता ज्याकडे बहुतेक जण बघत नाहीत ते. माझा एक्झॉस्टचा रॉकर खराब निघाला. लोबवर घासणाऱ्या त्याच्या तोंडावर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, उजेडात तिरपा धरला तरच दिसणारे. असा रॉकर चांगल्या लोबवर ठेवला की थोड्याच दिवसांत लोबही जातो. त्यामुळे दोन्ही रॉकर नवे घेतले. त्याच वेळी दुकानदाराने नवा कॅमही पुढे केला, डबा एकदम ‘ओरिजिनल’. दुकानाचं नाव घेत नाही, पण तिथेच व्हर्नियर लावला तर उंची माझ्या जुन्या कॅमपेक्षा कमी भरली. चमक बघून पार्ट घ्यायचे नाहीत, ते तेव्हाच पक्कं झालं.

बांधताना लोबवर आणि रॉकरच्या तोंडावर मोलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ हात दिला, हेडचं गॅस्केट नवं टाकलं. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्लच कव्हरच्या आत फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि एक जाळी, एवढंच. निघालेला गंज तिथेच जाऊन बसतो. तो उघडला तर आत काळा चिखल थापलेला. ही जागा साफ न करता नवं तेल ओतणारे बरेच मिस्त्री आहेत, पैसे देण्याआधी विचारून घ्या. पहिलं तेलही आठवडाभर चालवून काढून टाकलं.

आता इतक्या महिन्यांनंतर काय? टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या सुमारास एकदा, थंड इंजिनवर, फीलर गेजने बघितला. लावला होता तिथेच आहे. लोब किंवा रॉकर झिजत असता तर गॅप वाढत गेला असता आणि टकटक सुरू झाली असती. जानेवारीच्या थंडीत सकाळी सुरू करताना थोडा वेळ टिकटिक यायची, तेल वर पोचलं की बंद. आता पंचेचाळीसच्या उन्हात वर्धा रोडच्या सिग्नलला उभं राहिलं तरी आयडलिंग ढळत नाही. मायलेज मात्र वाढलेलं नाही, कॅम साफ केल्याने ते वाढतं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

तक्रार एकच. टॅपेटच्या झाकणाची जुनी ओ-रिंग वाचवायला गेलो आणि थंडीभर हेडवर तेल पुसत बसलो. पाच-दहा रुपयांची वस्तू, ती नवीच टाका. गाडी आता कूलरपासून लांब, गेटजवळ उभी असते. मामा अधूनमधून येऊन विचारतात, “विकतो का रे?”