बातमी खरी होती

जुन्या विजेच्या गाडीच्या व्यवहारात गेले १,११,७५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'शेवटी वाचला असेल' अशी आशा धरून कुणी वाचायला नको.

मी मुलुंड पूर्वेला राहतो. लोअर परळच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. सकाळी पेपर आला की आधी अर्थपान, मग बाकीचं. फसणारे लोक वेगळे असतात, भोळे असतात, असं मला वाटायचं. हिला मात्र तसं कधी वाटलं नव्हतं.

विजेची गाडी घ्यायची हे ठरलेलंच होतं. आई पुण्यात, सिंहगड रोडला. महिन्यातून दोन खेपा होतात आणि एक्सप्रेसवेचा टोल एका बाजूचा ३२० रुपये. त्यात २९ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने नवं ईव्ही धोरण मंजूर केलं. एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या चारचाकींना टोलमाफी. सोसायटीशी आठ महिने भांडून मी पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंटही बसवून घेतला होता, स्वतःच्या मीटरवरून केबल ओढून. फक्त गाडी नव्हती. नवी घ्यायची तर तेरा-चौदा लाख, आणि माझ्या हिशेबात सहाच्या वर जायचं नव्हतं.

त्याच एप्रिलात जेनसोल या सौरऊर्जेतल्या कंपनीची बातमी आली होती. १५ तारखेला शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने अंतरिम आदेश काढला. इरेडा आणि पीएफसी या सरकारी वित्तसंस्थांकडून कंपनीने घेतलेलं कर्ज ९७७.७५ कोटी, त्यातले ६६३.८९ कोटी ६,४०० विजेच्या गाड्यांसाठी. प्रत्यक्षात घेतल्या ४,७०४, त्याही ५६७.७३ कोटींना. कंपनीने स्वतः घालायचा हिस्सा धरला तर २६२.१३ कोटींचा हिशेब लागत नाही, असं आदेशात म्हटलं होतं. या गाड्या ब्लूस्मार्ट या कॅब कंपनीच्या टॅक्सी म्हणून धावायच्या, त्यांचं बुकिंगही त्याच आठवड्यात बंद पडलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मीच सगळ्यांना हे समजावून सांगितलं. वर स्वतःचं एक भाकीत जोडलं, की आता कर्ज देणारे या गाड्या उचलणार आणि पडेल भावात विकणार. बघाच तुम्ही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या गाड्यांच्या एका ॲपवर नेमकं तेच दिसलं. 'बंद पडलेल्या ईव्ही टॅक्सी कंपनीच्या गाड्या, बँक जप्ती, मर्यादित नग.' चार लाख पंचाहत्तर हजार. मला आनंद गाडीचा कमी आणि माझं भाकीत खरं ठरल्याचा जास्त झाला. इथंच मी गेलो होतो, पैसे जायच्या आधी.

फोनवरचा माणूस मराठी, बोलण्यात सातारकडचा हेल, स्वतःला 'वसुली विभागाचा' म्हणवणारा. घाई अजिबात नाही. 'सर, तुम्ही आधी गाडी बघा, बॅटरी तपासा, मगच पुढचं बोलू,' असं म्हणाला. टोलमाफीचा विषय त्यानेच काढला. सेबीचा आदेश, इरेडा, सगळी नावं त्याच्या जिभेवर. माझ्याइतकंच त्याचंही अर्थपान वाचून होत असणार, किंवा थोडं जास्त.

शनिवारी कळंबोलीच्या एका यार्डात गेलो. बरोबर पुतण्या, तो गाड्यांतला किडा. तिथं खरोखर दहा-बारा पांढऱ्या सेडान धुळीत उभ्या होत्या. हिरव्या पाट्या, त्यावर पिवळी अक्षरं, म्हणजे टॅक्सी पासिंग. खासगी ईव्हीच्या हिरव्या पाटीवर अक्षरं पांढरी असतात, एवढं मला माहीत होतं आणि ते मी त्या माणसाला ऐकवलंही. 'सर अभ्यास करून आलेत,' तो म्हणाला. पुतण्याने स्टिअरिंगखालच्या पोर्टला आपला डोंगल लावला, मोबाइलवर बॅटरीतल्या सेलचे व्होल्टेज काढले, सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यातला फरक पाहिला, बॅटरीचं आरोग्य पाहिलं. 'काका, स्क्रीनवरच्या रेंजवर जाऊ नका, तो आकडा आधीच्या ड्रायव्हिंगवरून येतो, पण सेल चांगले आहेत.' मी फोटो काढले. एकात पुतण्याचं कोपर आणि त्याच्या मनगटावरचा लाल दोरा आलाय.

बॅटरी खरोखर चांगली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण जुनी ईव्ही म्हटलं की सगळेजण बॅटरीची भीती घालतात आणि माझी सगळी सावधगिरी तिथंच खर्च झाली. गाडी कुणाची आहे, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं आणि त्याच्याच पीडीएफवर वाचलं.

पहिले ५०,००० टोकन, सोमवारी. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा फॅब्रिकेशन वर्क्सचं. मी विचारलं, बँकेच्या गाडीचे पैसे फॅब्रिकेशनवाल्याला कशाला? 'सर, ते आमचे रिकव्हरी वेंडर आहेत, बँक थेट कॅश हँडल करत नाही.' मी क्षणभर थांबलो. मग पिन टाकला. सव्वीस वर्षांत ऑफिसात अशी एक नोंद मी पास केली नसती.

दुसरा हप्ता २३,७५०, म्हणजे ५ टक्के जीएसटी. ईव्हीला ५ टक्के, हे मला पाठ. पण तो दर नव्या गाडीचा. वापरलेली गाडी एखादा व्यवसाय विकत असेल तर दर १८ टक्के, तोही पूर्ण किमतीवर नाही, फक्त त्याच्या मार्जिनवर, म्हणजे नफ्याच्या फरकावर. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत ईव्हीही त्यात घातली गेली. त्यावर तेव्हा बरीच ओरड झाली होती, ती मी वाचली होती. आणि तरी पावतीवर ५ टक्के दिसल्यावर मला बरंच वाटलं.

तिसरा ३८,०००. एनओसी, टॅक्सीचं खासगीत रूपांतर आणि आरटीओ. यानंतर पंधरा दिवस 'फाइल वर गेलीय'. मग यार्डाचं भाडं म्हणून १८,५०० मागितले आणि तेव्हा कुठं मी ही बातमी पुढे वाचायला बसलो. पुढे म्हणजे एप्रिलनंतर काय झालं ते. एप्रिल संपायच्या आतच दिल्ली उच्च न्यायालयाने, गाड्या भाडेपट्ट्याने देणाऱ्या एका कंपनीच्या अर्जावर, तिच्या गाड्यांवर तिसऱ्या कुणाचा हक्क निर्माण करायला मनाई केली होती. पाठोपाठ आणखी अर्ज गेले होते. गाड्यांची मालकीच कोर्टात भांडणात अडकलेली, आणि मी कळंबोलीत त्यातली एक टोकन देऊन बुक केली होती! मी बातमीचा पूर्वार्ध वाचून अंदाज बांधला होता, उत्तरार्ध त्या माणसाने मला तोंडी सांगितला होता.

फोन बंद. यार्डात गेलो तर गाड्या होत्या तिथंच. रखवालदार आधी बोलेना, मग म्हणाला, या एका कॅबवाल्याच्या, भाड्याने उभ्या केल्यात, विकायच्या वगैरे काही नाहीत. चावी? त्याने जमिनीकडे पाहिलं. पाचशे रुपयांना अर्धा तास चावी मिळत होती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला तो शेवटचे पैसे गेल्यानंतर एकोणीस दिवसांनी. पलीकडची मुलगी सौम्य होती, पण तिने पहिलं वाक्यच असं विचारलं की 'आज गेलेत का पैसे?' तासाभरात कळवलं असतं तर रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येते. माझी रक्कम तीन खाती ओलांडून गेली होती. ६,२०० अडकवता आले, ते अजून मिळायचेत. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी तक्रार लिहून घेताना दोनदा विचारलं, 'पण गाडी तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत ना?' पाहिली. चालूही केली. एसी लावून बसलो.

आता एक ओळखीचे गृहस्थ, बँकेच्या वाहनकर्ज विभागातून निवृत्त झालेले, मला चहा पाजून जे सांगतात ते इथं लिहितो. जप्त गाडी विकताना बँक जाहीर लिलाव करते आणि अनामत रक्कम बँकेच्याच नावाच्या खात्यात घेते, व्यक्तीच्या किंवा वेंडरच्या नाही. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर ती उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. बँकेने गाडी ताब्यात घेऊन आरसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची तर फॉर्म ३६. परराज्यातली पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. यातला एक कागद जरी मी मूळ स्वरूपात मागितला असता तर तो माणूस त्याच दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला असता. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात. मालकाचं नाव तिथं अर्धं ताऱ्यांनी झाकलेलं असतं, पण ते कंपनीचं आहे की माणसाचं, एवढं कळायला उरलेली अक्षरं पुरतात. 'आणि बॅटरी?' मी विचारलं. 'ती शेवटी तपासायची,' ते म्हणाले, 'आधी कागद.'

टोलमाफी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर खरोखर सुरू झाली. आम्ही अजून शिवनेरीने जातो. पार्किंगमधल्या माझ्या पॉइंटवर समोरच्या विंगमधल्या मुलाची स्कूटर चार्ज होते, तो महिन्याला तीनशे रुपये देतो. ही त्याचा हिशेब वेगळ्या डायरीत ठेवते आणि मी विचारलं तरच दाखवते.

गेल्या आठवड्यात पुतण्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. नवं नाव, नवा नंबर, तीच 'बँक जप्ती'. फोटोत पांढरी गाडी, स्टिअरिंगखाली लटकणारा डोंगल, एक कोपर आणि मनगटावर लाल दोरा. तो फोटो मी काढलेला, आणि 'हीच गाडी फायनल' म्हणून त्या माणसाला मीच पाठवलेला. जाहिरातीत खाली लिहिलंय, बॅटरी ग्राहकाने स्वतः तपासलेली. भाव आता चार लाख चाळीस.